डावी पापणी

मनोहरराव गेले तेव्हा कामठीतल्या त्यांच्या वस्तीने ठरवलं, अभ्यासिकेत त्यांचा अर्धपुतळा बसवायचा. जन्मभर पॉवरलूमवर राबलेल्या या माणसाने विहाराच्या मागच्या खोलीत ती अभ्यासिका उभी केली होती. पुतळा दुसऱ्या कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांची मुलगी माया नागपुरात मूर्तिकार होती.

माया दिवसभर एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि घरी आली की मातीसमोर उभी राहायची. वडील गेल्यापासून आई, पुष्पलताबाई, तिच्याकडेच राहत होती. थंडी पडायला लागली तसा चेहरा मातीतून वर आला. एक दिवस आई त्याच्यासमोर बसून मेथी निवडता निवडता त्याच्याशी बोलू लागली. शेजारणीचं दुखणं, मुलाची, ऋषीची, बदली, असंच काहीबाही. मायाने ते दारातून ऐकलं. तिला वाईट वाटलं. चेहरा अजून जमलेला नाही आणि आई एवढ्यावरच भागवून घेते आहे, असं तिला वाटलं.

साचा घेणाऱ्या कारागिराला तिने पुढच्या आठवड्यावर ढकललं, मग आणखी पुढे. डावा डोळा चुकला होता. समोर ठेवलेल्या फोटोत दोन्ही पापण्या सारख्या होत्या, मातीतली डावी जराशी उतरलेली. ती नीट करायची आणि हात फिरता फिरता पुन्हा तशीच व्हायची. तिची झोप उडाली. वर्गात एका मुलीची सरळ रेघ तिने वाकडी म्हणून खोडली आणि ती रडायला लागली, तरी मायाला ती वाकडीच दिसत होती.

ऋषी येऊन गेला. त्याने मोबाईलवर फोटो काढले, बाबा हुबेहूब आलेत म्हणाला. तो समजूत काढतो आहे, हे मायाने मनात पक्कं केलं.

आई म्हणाली, "हे तेच आहेत वं. आता हात नको लावू याले."

मायाला त्यात फक्त कीव ऐकू आली.

रविवारी दुपारी आई वंदनेला गेली असताना मायाने पापणी कोरून सरळ केली. मग नाक लांब वाटू लागलं. नाक घेतलं, तर गाल सुजल्यासारखे दिसले. ती न थांबता काम करत राहिली. आपण जवळ येतो आहोत, अशीच तिची खात्री होती.

आई परत आली. बराच वेळ मातीकडे पाहत उभी राहिली.

"कुठी गेले वं हे?" तिने हळूच विचारलं.

मायाने पापणीचं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. "माये, धोटा लागला होता ना त्याईले," ती म्हणाली. "तू दुसरीत होती. तूच तर पट्टी बदलून द्यायची."

मायाला सगळं आठवलं. पॉवरलूममधून उडून डोळ्याला लागलेला धोटा, रक्ताने भिजलेला शर्ट, त्यानंतर कायमची उतरलेली ती पापणी. फोटो त्याच्या आधीचा होता. हातांना ठाऊक होतं ते, आणि डोळ्यांनी ते चूक ठरवलं होतं.

त्या दिवशी ती झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठली. ऋषीने काढलेले मातीच्या चेहऱ्याचे फोटो मागवून पाहिले. बाबा तिच्याकडे बघत होते. चुकलेलं काहीच नव्हतं.

त्या फोटोंवरून तिने दुसरा पुतळा केला. पापणी उतरलेली ठेवली. माप बरोबर होतं, माणूस मात्र तितका आला नाही. तो अभ्यासिकेत बसवला तेव्हा लोकांनी कौतुक केलं. आईने फुलं वाहिली, हात जोडले आणि बाजूला झाली.

परत येताना ऑटोत आईने मायाचा हात मांडीवर घेतला.

"रात्री झोप लागली का वं तुले?"

माया हो म्हणाली आणि बाहेर पाहत राहिली.