रेघेच्या वर आलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, चुनारच्या खाणीतला. काशीत पंचगंगा घाटाच्या मागे, गल्ल्या उतरत जातात त्या सखल जागी एक छोटं उद्यान आहे. तिथे फाटकाशी मी उभा असतो. तुम्ही माझ्यावर चपला झटकता. झटका बापड्यांनो, आज मला दुसरंच सांगायचंय.

अठ्ठेचाळीसच्या पुरानंतर मला इथे रोवलं. पाणी चढलं होतं तेवढ्या, म्हणजे गुडघाभर उंचीवर पाठशाळेतल्या दत्तात्रेयशास्त्रींनी माझ्यावर एक रेघ कोरून घेतली. पुढे कित्येक पावसाळे पाणी काही तिच्या वर गेलं नाही. लोक म्हणू लागले, "गंगामाई ह्याच्या वर येतच नाही." काय सांगू, मी फुगलो नुसता! शास्त्री वारले, पण त्यांच्या पत्नी अंबिकाकाकू येता-जाता त्या रेघेवरून हात फिरवायच्या.

आमच्याकडच्या मराठी घरांची एक रीत होती. पाणी फाटकाला लागलं की बायका खणानारळाने गंगेची ओटी भरायच्या. माहेरवाशीण आली, ओटी घेतली, आता निघेल सासरी, असा त्यांचा भाव.

अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात पाणी मागच्या नाल्यातून उलटं आत आलं. उद्यानाच्या कोपऱ्यात, रेघेहून वीतभर उंच चौथऱ्यावर काकूंची गाय बकुळ बांधलेली होती. काकूंना मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते बकुळच. शेजारचा उल्हास, रेल्वेत नोकरीला होता, तो धावत आला.

"काकू, बकुळला सोडा, वर चौकात नेऊन बांधतो. पाणी बढतंय हो!"

"अरे, इतका काय घाबरतोस? ह्यांनी कोरलेली रेघ आहे ना! ओटी भरते, बघ कशी मुकाट परत फिरते."

त्यांनी ओटी पाण्यात सोडली. दुपारी पाणी रेघेपाशी येऊन खरंच थांबलं. मी मनात म्हटलं, शाब्बास रे पठ्ठ्या! काकू हात जोडून माडीवर गेल्या.

तिन्हीसांजेला नाला पुन्हा उसळला. बघता बघता रेघ बुडाली, मग मीही बुडालो. बकुळ हंबरत होती, दाव्याला हिसके देत होती. उल्हास पोहत गेला, पण भिजून आवळलेली गाठ त्याला सुटेना. वरून काकू ओरडत होत्या, "सोड रे तिला, सोड!" थोड्या वेळाने हंबरणं थांबलं.

पूर ओसरल्यावर काकू माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता हातोडा घालणार. त्यांनी पदराने माझ्यावरचा गाळ पुसला आणि म्हणाल्या, "तुझा काय रे दोष? गंगा कुठवर आली होती, एवढंच तू सांगत होतास. कुठवर येईल, ते मीच ठरवून बसले."

मित्रांनो, त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. फुगलो तर मीच होतो ना! आजही कुठे गाय हंबरली की मला कसंसंच होतं.

त्यानंतर पाणी फाटकाला लागलं की काकू गल्लीतल्या गोठ्यागोठ्यातून फिरायच्या, स्वतःच्या हाताने दावी सोडायच्या आणि मगच ओटी भरायच्या. आता काकू नाहीत, आणि मला तर जागचं हलता येत नाही. तेव्हा पाणी आलं की माझ्या रेघेकडे बघत उभे राहू नका रे. आधी दावी सोडा.