मुका पडदा

जालिंदरला एखादी शंका आली, की ती फिटल्याशिवाय त्याला जेवण गोड लागायचं नाही. अक्कलकोटच्या एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडली आणि उतारूंना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. आता माणूस रिटायर झाला म्हणून त्याचे प्रश्न रिटायर होतात होय?

सध्याची शंका अशी, की घरात टीव्ही नसेल तर गेमचं मशीन जोडायचं कुठं?

टीव्ही नव्हता, कारण बायकोनं, मीनाबाईनं, तो तीन वर्षांपूर्वी मंद्रूपला भावाकडं पाठवून दिला होता. तेव्हा लेक चैताली बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. पोरगी पास झाली, नेमणूक झाली ती थेट गुवाहाटीला, पण टीव्ही काही परत आला नाही. "त्यो गेला म्हणून पोरगी लागली," मीनाबाई ठासून सांगायची. "आन् आता घरात माणसांचा आवाज तरी ऐकू येतोय."

खरं सांगायचं तर माणसं होतीच किती? दोन. आणि चैतालीचा रोजचा फोन. "जेवलीस?" "जेवले." "बरी हायस?" "एकदम मजेत." संपलं! जालिंदरला त्या 'मजेत'चा भारी राग यायचा. लहानपणापासून चैताली बापाशी मोकळी बोलायची ती मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळताना. नजर पडद्यावर, बोटं बटणांवर आणि मनातलं सगळं तोंडावाटे बाहेर. नववीत गणितात नापास झाले, हेसुद्धा तिनं शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत सांगितलं होतं. ही पोरगी काहीतरी गिळून बसलीय, असं त्याला महिनाभर वाटत होतं. म्हणून तिनं तिकडं तसलंच मशीन घेतलं आणि "पप्पा, आपलं जुनं मशीन कपाटात आहे ना? पडदा तेवढा बघा, रविवारी नेटवरून दोघं खेळू," असं म्हणाली, तेव्हा त्याला काय हुरूप आला!

मीनाबाईनं परवानगी दिली, पण अट घालून. "केबल न्हाय, च्यानल न्हाय. आन् त्याचा आवाज माझ्या कानावर आला, तर त्यो पडदा बी मंद्रूपला!"

जालिंदरनं आधी सुतळी घेतली. पलंगापासून समोरच्या फळीपर्यंत ताणून गाठ मारली. मग मशीन बाजाराच्या पिशवीत घालून शुक्रवार पेठेत प्रदीपच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. प्रदीप कॉलेजला असताना त्याच्याच गाडीनं ये-जा करायचा.

"जय भीम, मास्तर," प्रदीप म्हणाला. "काय काढलंत हे?"

"सगळं दाखव. घाई न्हाय मला."

प्रदीपला वाटलं, दहा मिनिटांचं काम. बिचारा! आधी कुठल्याशा ऑफिसातनं आलेला जुना मॉनिटर निघाला. त्याला मशीनची वायर बसेचना. मधे एक डबी लावून बसवली, तर चित्र येईना. मग प्रोजेक्टर. भिंतभर गाडी दिसली तसा जालिंदर खूश झाला आणि उजेडात हात धरून त्यानं हरणाची सावली काढली. पण प्रदीपनं शटर वर केलं आणि गाडी, रस्ता, हरीण, सगळं पुसून गेलं.

"खोली अंधारी लागते मास्तर."

"सोलापूरच्या उन्हाळ्यात खिडक्या लावून बसायचं? मीना मलाच बाहेर काढंल की."

मग एक चोवीस इंची मॉनिटर आला. वायर बसली, चित्र लख्ख. जालिंदरनं खिशातनं सुतळी काढली आणि गाठीपर्यंत मागं मागं सरकत गेला. दुकान इवलंसं, गाठ पडली थेट गल्लीत. तिथं त्यानं स्टूल मांडलं. रिक्षावाले हॉर्न मारायला लागले, पण हा बाबा चष्मा वर-खाली करत पडद्यावरचे आकडे वाचतोय! "कितवी फेरी ते दिसत न्हाय रे. मोठा लाव."

सत्तावीस इंचीवर आकडे दिसले. तरी समाधान कुठलं? "बटन दाबल्यावर गाडी लगेच वळती का? डबल बेल दिली की आमचा डायवर तंबाखू थुंकून मग गियर टाकायचा. तसलं न्हाय चालायचं." त्यानं वीसदा डावं-उजवं करून बघितलं. गाडी बोटाबरोबर वळत होती. तेव्हा कुठं त्यानं मान हलवली, आणि प्रदीपनं हुश्श केलं.

रविवारी संध्याकाळी मॉनिटर फळीवर बसला. मशीन सुरू झालं, रंग उजळले, आणि आवाज? काही नाही. जालिंदरनं मॉनिटरची मागची बाजू चाचपली, पुढची चाचपली. त्याला स्पीकरच नव्हता! दुकानात प्रदीपनं आपला वेगळा स्पीकर जोडला होता. इतके प्रश्न विचारले आणि नेमका हाच राहिला. त्याला स्वतःचाच असा संताप आला म्हणता! पडदा मुका, मग पोरीचा आवाज येणार कुठून?

त्यानं प्रदीपला फोन लावला.

"हातातल्या रिमोटला खाली भोक आहे बघा," प्रदीप म्हणाला. "मोबाईलचा वायरवाला इयरफोन त्यात घाला. ऐकू पण येईल, बोलता पण येईल."

घातला. आणि कानात एकदम, "पप्पा! दिसले की तुम्ही! लाल गाडी ना?"

"व्हय व्हय! तू निळी?"

शर्यत सुरू झाली. मीनाबाई पाठ करून सुपात शेंगा फोडत होती. घरात चिडीचूप, आणि नवरा एकटाच हसतोय, "तितं वळ की" म्हणतोय. किती वेळ धीर धरणार ती? शेंगांचं सूप घेऊन हळूच पलंगावर येऊन बसली. "त्यातली पोरीची कुटली?" तिनं दबक्या आवाजात विचारलं. जालिंदरनं बोट दाखवलं, आणि एका कानातलं बोंडुक काढून तिच्या कानात घातलं. वायर आखूड, त्यामुळं दोघांची डोकी जवळजवळ टेकली.

चैताली बोलत होती. तिकडचा पाऊस, चहा, ऑफिसातली भाषा. दुसरी फेरी संपली. तिसरीत तिचा आवाज उतरला.

"पप्पा, आईला सांगू नका हं. मला इथं लई एकटं वाटतं. खोलीवर आले की रडूच येतं. रात्री बऱ्याचदा जेवतच नाही मी."

जालिंदरची लाल गाडी कठड्यावर आपटली. त्याला बायकोकडं बघायचा धीर होईना.

मीनाबाईनं वायरीवरचं माईकचं बटण ओठांजवळ धरलं. "आज काय खाल्लंस?"

निळी गाडी भर रस्त्यात थांबली. बाकीच्या गाड्या सुसाट निघून गेल्या.

"आई? तू कधीपासून ऐकतीयस?"

"पहिल्यापासनं. मजेत हाय म्हणून रोज सांगतीस व्हय मला? बोल आता. सगळं बोल."

चैताली हमसून हमसून रडायला लागली. जालिंदरनं आपल्या कानातलं बोंडुक काढलं आणि मीनाबाईच्या दुसऱ्या कानात घातलं. आता त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यानं आपली लाल गाडी वळवली. पडद्यावर उलट्या दिशेचा बाण लुकलुकायला लागला, तरी तो मागं मागं जात राहिला आणि निळ्या गाडीला खेटून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं मीनाबाईनं पदरानं डोळे पुसले. "आवं," ती म्हणाली, "रविवारपर्यंत थांबायचं न्हाय. उद्या तिची बँक सुटली की लावायचं हे."