दौलतराव हवालदाराची शिट्टी

दौलतरावाच्या दहाव्याला आम्ही वर्धा नदीच्या काठावर ताटकळत उभे होतो. पिंडाला कावळा शिवत नव्हता. तो शिवल्याशिवाय घरी जाता येईना, आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

थोरला धर्मेंद्र हात जोडून म्हणाला, "बाबा, मायले आम्ही नीट पाहू."

कावळा बाभळीवर ढिम्म.

"वांग्याचं वावर विकणार नाई."

कावळ्याने पंख खाजवले.

लेक उज्वला रडत म्हणाली, "बाबा, दादाशी भांडणार नाई आता."

कावळ्याने पाठच फिरवली.

मित्र कशावर अडून बसला, ते मला ठाऊक होतं.

फौजेतून हवालदार होऊन दौलतराव नाचणगावात परतला आणि भाजीपाला करू लागला. उज्वलाच्या वेण्या तोच घालायचा, बुटाच्या नाड्यांसारख्या करकचून. इथवर ठीक होतं. पण सगळ्या गल्लीची भाजी पुलगावच्या बाजारात वेळेवर पोचावी म्हणून तो पहाटे पाचला गल्लीत शिट्टी फुंकायचा. माझ्या झोपेचं खोबरं! एक दिवस मी त्याच्या खुंटीवरची शिट्टी काढून विहिरीत टाकली.

त्यानंतर आठ वर्षं तो रोज पाचला गल्लीतली दारं वाजवत यायचा आणि मला उठवून विचारायचा, "तानबा, माही शिट्टी दिसली का रे?"

"नाई बा," मी डोळे चोळत म्हणायचो. बिचारा शोधतोच आहे, असं वाटायचं.

आता मी पुढे झालो. "दौलत, तुही शिट्टी मीच विहिरीत टाकली. माफ कर गड्या."

सगळी गल्ली माझ्याकडे बघू लागली. कावळा मात्र हलला नाही. इज्जत फुकट गेली.

दौलतच्या बायकोने, प्रमिलावहिनींनी, पदर तोंडाला लावला होता. रडत असतील म्हणून बघितलं, तर बाई हसत होत्या.

"भाऊजी, त्याईले पहिल्याच दिवशी समजलं होतं. तुमची झोप मोडाले तर येत होते ते."

"मंग आता काऊन अडला हा?"

"गल्लीले पाचले उठवन कोण? त्याईले तेच लागून राह्यलं असन."

सगळ्यांच्या माना पुन्हा माझ्याकडे वळल्या.

"काका, बोला ना लवकर," धर्मेंद्र कळवळला. "पोटात कावळे ओरडून राह्यले."

मी बाभळीकडे बघितलं. कावळा मान तिरकी करून माझ्याकडेच बघत होता.

"बरं बा, उठवीन मी," मी म्हणालो.

पुढे 'महिनाभर' म्हणणार होतो. पण तेवढ्यात त्याने झेप घेऊन पिंडात चोच खुपसली.