बाटली क्रमांक चारमधली बट

मी एक जुनी बट आहे. मित्रांनो, सतरा वर्षांनी मी घरी गेले आणि माझ्या मुलीने मला ओळखून पोटाशी धरलं. असो. असं काही झालेलं नाही. झालं ते सांगते.

माझा जन्म एका सहा वर्षांच्या मुलीच्या उजव्या कानामागे झाला. तिची आई प्रयोगशाळेत गजकर्णाची बुरशी ओळखायची. त्यातल्या दोन बुरश्या दिसायला सख्ख्या बहिणी. त्या ओळखायच्या तर बशीत पाणी घालून त्यांना लहान मुलाच्या केसाचे तुकडे द्यायचे. एक केसाला पाचरीसारखी भोकं पाडते. ती बहुधा जनावराकडून आलेली. दुसरी नुसती बसून राहते, ती माणसाकडून. रंग न लागलेला केस हवा, म्हणून आईने मला कापलं.

"लगेच परत देते हं," ती म्हणाली. मुलगी रडायची थांबली. मीही विश्वास ठेवला.

जंतू मारायला मला वाफवून बाटलीत भरलं. सोबतीला कापसाचा बोळा. तो काही बोलत नाही. दर तपासणीला माझे दहा तुकडे जात आणि कोणी परत येत नसे. एकदा पाहुणे डॉक्टर सूक्ष्मदर्शकात बघून म्हणाले, "वा, काय सुरेख भोकं!" माझं आजवरचं कौतुक तेवढंच.

दोन महिन्यांपूर्वी ती मुलगी आली, आता लग्न झालेली. मनगटावर लाल गोल चट्टा.

"आई, हा म्हणतो आमच्या पाळलेल्या सशामुळे झालं. ससा देऊन टाकायचा म्हणतो." तिचे डोळे भरले होते. मागे तिचा नवरा कंबर खाजवत उभा होता.

आईने चट्टा खरवडून बुरशी वाढवली. माझे एकोणीस तुकडे उरले होते, त्यातले दहा गेले. चार आठवडे आम्ही नऊ जण काचेतून बघत होतो. एकही भोक पडलं नाही. ससा निर्दोष सुटला. निकाल ऐकायला दोघं परत आली.

"जावईबापू, कमरेचा नमुना द्या. आणि टॉवेल वेगळा करा."

"आमचा टॉवेल एकच आहे," मुलगी म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर पडली. "हे कोणाचे केस गं?"

"तुझेच."

"शी!" ती म्हणाली, आणि हात धुऊन आली.

मित्रांनो, टॉवेल आपापला वापरा. आणि लहान मुलाला दिलेला शब्द बाटलीत ठेवू नका.

तरी महोदय, अर्जदार बटेस मूळ डोक्यावर, उजव्या कानामागे, पूर्वीच्या जागी रुजू करून घ्यावे, ही विनंती. सोबत : तुकडे, नग नऊ.