पुलापर्यंत

धाकटीने हॉटेलच्या पत्त्याचं कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवलं, चेन ओढली आणि फोन वाजला. सासूबाई होत्या. निघालीस का, म्हणाल्या. अजून खोलीतच आहे, असं धाकटीने सांगितलं, तर मग ठिपका कसा हलला म्हणून विचारायला लागल्या. धाकटी पलंगापासून दारापर्यंत गेली होती, तेवढीच. आता यावर माणसाने काय बोलावं!

ठिपक्याची कल्पना मोठ्या दिरांची. त्यांनी तिच्या फोनमध्ये काय ते चालू करून दिलं होतं, आणि तेव्हापासून ती परक्या शहरात कुठे आहे ते घरच्या टॅबवर नकाशात दिसत होतं. दीर स्वतः बायको बरोबर असल्याशिवाय पलीकडच्या गावालाही जात नाहीत, पण उंटावरून शेळ्या हाकायची हौस दांडगी. दिवसा दीर कामावर, नवरा कामावर, म्हणून टॅब सासूबाईंकडे. सासूबाईंना तर उभ्या जन्मात शिंप्याकडेसुद्धा कोणी एकटं धाडलं नव्हतं. पहारा द्यायला माणूस बरोब्बर निवडला होता.

बाटल्यांवर लेबलं चिकटवणारं यंत्र बसवायला कंपनीने धाकटीला पाठवलं होतं. यंत्र काल चालू झालं, एकही लेबल तिरकं लागलं नाही. साहेबांनी फोनवर सांगून टाकलं, घरून होकार आण, यापुढे परदेशातली सगळी यंत्रं तू बसवायचीस. तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आधी ही खेप नीट पार पडू दे, मग बघू. म्हणजे आजचा एक मोकळा दिवस राहिला होता आणि त्यावर पुढचं सगळं टांगलेलं होतं. उद्या विमान.

ती काही बेफिकीर बाई नव्हती. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत, त्याची झेरॉक्स पर्समध्ये, पैसे दोन जागी. कुठे जाणार आणि उजेड असतानाच परत येणार, हे तिने खाली काउंटरवरच्या बाईंना सांगून ठेवलं. त्यांच्याकडून नकाशावर कुठे जावं, कुठे जाऊ नये याच्या खुणा करून घेतल्या. एवढी काळजी तर दिरांनी बँकेत जातानाही घेतली नसती.

पण बाहेर पाऊल टाकलं आणि फोन सुरू झाला.

उजवीकडे का वळलीस, सरळ रस्ता मोठा दिसतोय. रस्त्यात दुकानं आहेत की घरं? माणसं आहेत ना? चढ आहे का? थांबलीस कशाला? सिग्नल आहे, आई. मग कसला रंग लागलाय? लाल. अजून लालच? धाकटीने कपाळाला हात लावला. मध्येच नवऱ्याचा संदेश आला, आई म्हणतेय तू फोन पटकन उचलत नाहीस. दिरांनी तर गर्दीत पर्स कशी धरावी याचं चित्रच पाठवलं. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली.

आणि गंमत म्हणजे त्या अख्ख्या शहरात तिच्या वाटेला कोणी गेलं नाही. जो काही धोका आला तो या फोनमुळेच आला. समोरच्या इमारतीला खिडक्या किती आहेत ते सासूबाईंना सांगताना ती सायकलींच्या पट्ट्यात उतरली, आणि एक सायकलवाला तिच्या बाहीला घासून शिव्या देत निघून गेला. भाषा कळली नाही तरी शिव्या कळल्या. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कानात सासूबाई विचारत होत्या की नकाशातला तो निळा पट्टा कसला.

"नदी आहे, आई."

"पाणी किती आहे?"

मी बुडेन की नाही याचा अंदाज घेताहेत की काय, असं तिच्या मनात आलं. भरपूर आहे, ती तुटकपणे म्हणाली आणि पुलावर चढली. जुना दगडी पूल. मध्यावर ती कठड्याशी थांबली, खाली एक लांबट होडी चालली होती. होडी कमानीखाली शिरायच्या आत फोन परत वाजला. थांबलीस का.

झालं, तिचा संयम संपला. तिने फोन कापला, बंद केला आणि पर्सच्या तळाशी ढकलला. साहेब, होकार, नवरा, सगळं एका क्षणात पाण्यात गेलं हे तिला चांगलं कळत होतं. तरी हात परत पर्सकडे गेला नाही.

पुढची दुपार तिची होती. पुलापलीकडच्या अरुंद गल्लीत एका घराच्या वरच्या खिडकीत दोराने मोठं कपाट चढवत होते. जिना अरुंद असणार. छपराखाली आकडा, आकड्याला कप्पी, आणि खाली दोन माणसं दोर ओढत. धाकटी रस्त्याच्या कडेला, इतर बघ्यांमध्ये उभी राहिली. कपाट भिंतीला थडकू नये म्हणून तिसरा माणूस दुसरा दोर बाजूला ताणून धरत होता, ते तिला फार आवडलं. कपाट खिडकीतून आत गेलं तेव्हा बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. कोणी विचारलं नाही, का वाजवल्यास.

उजेड असतानाच ती परतली. काउंटरवरच्या बाईंनी तिला पाहून मान हलवली. खोलीत येऊन, दार आतून लावून तिने मन घट्ट केलं आणि फोन चालू केला.

तिला वाटलं होतं, घरच्यांनी आकाशपाताळ एक केलं असेल. तर एकच निरोप, नवऱ्याचा, फोन कर. तिने केला. बोलणी खायची तयारी होती. नवरा नुसता फुरंगटलेला होता. बॅटरी उतरलीये, बंद करते, हे आईला सांगितलंस, मला सांगता आलं नाही? आई म्हणाली म्हणून आम्ही गप्प बसलो, नाहीतर दादा तुझ्या कंपनीत फोन लावायला निघाला होता.

धाकटीने तर कोणाला काही सांगितलं नव्हतं. पलीकडे फोन हातातून हातात गेला, पावलं वाजली, दार लोटल्याचा आवाज आला.

"पुलापर्यंत होते मी," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पुढे काय होतं?"

हा टोमणा असणार, असं धरून ती क्षमा मागायला लागली. सायकलवाला घासून गेला, जीव वैतागला, चुकलंच माझं. सासूबाईंनी तिला मध्येच तोडलं.

"ते राहू दे. पलीकडे बारीक बारीक गल्ल्या दिसत होत्या. मी त्या बोटाने मोठ्या करून पाहिल्या, पण त्यात काही कळेना. नुसत्या रेघा."

धाकटी पलंगावर बसली. दुकानं की घरं, चढ आहे का, पाणी किती. सकाळपासूनचे सगळे प्रश्न तिला एकामागून एक आठवले, आणि सिग्नलपाशी आपण कसं उत्तर दिलं होतं तेही. मग तिने सगळं सांगितलं, गल्ली, कपाट, दोर, टाळ्या. सासूबाईंनी विचारलं, कपाट रिकामं होतं ना? रिकामंच असेल, धाकटी म्हणाली. असेल काय, बघायला हवं होतंस, असं त्यांचं म्हणणं पडलं.

बाहेरून नवरा काहीतरी विचारत होता. सासूबाईंनी त्याला थांब म्हणून सांगितलं.

"साहेबांना हो कळव. याचं मी बघते," त्या म्हणाल्या. "फक्त पुढच्या खेपेला मला अशी पुलावर सोडून जाऊ नकोस."