टेकडीखालचा ओढा

शहर वाढत वाढत शरणापूरच्या पुढं आलं, तेव्हा खुलताबाद रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवाल्यानं डोंगराच्या उतारावर बर्फाची टेकडी करायचं काढलं. यंत्र चालवायला गोकुळला ठेवलं. तो आधी वाळूजच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होता. गारवा करणारी यंत्रं त्याच्या हाताखालून गेलेली. उतारावर प्लॅस्टिक अंथरलेलं. यंत्र बर्फाचा चुरा पाडायचं, जाड नळीतून वर उडवायचं, आणि लेकरं रबरी ट्यूबवर बसून किंचाळत खाली यायची.

थंडी मात्र त्या साली पडलीच नाही. जानेवारीत दुपारचं ऊन तेहतिसावर. यंत्र टाकायचं तेवढा बर्फ ऊन गिळायचं. ठिकठिकाणी प्लॅस्टिक उघडं पडायचं, मग मॅनेजर सर्जेराव ओरडायचा आणि गोकुळ नळी उचलून तिकडं पळायचा. वितळलेलं पाणी चरातून कुंपणाबाहेर, कोरड्या ओढ्यात जायचं.

ते वाया चाललेलं पाणी बघून गोकुळनंच वडलांना फोन केला होता. "आप्पा, मेंढरं इकडं घेऊन या. बर्फाचं पाणी हाय, चांगलं हाय."

सिल्लोडकडं दुसऱ्या सालीही पाऊस नव्हता. गावात टँकर चार दिवसांनी यायचा, तोही माणसांपुरता. आप्पा आणि गोकुळची आई राजाबाई चाळीस मेंढरं हाकत तीन दिवसांनी पोचली. ओढ्याशी येताच मेंढरांनी पाण्याला तोंड लावलं ते उचलेनात. राजाबाईनं ओंजळ भरली आणि हसायलाच लागली. "आगं बया! दात ठणकले की माझं!"

दहा दिवस बरे गेले. गोकुळ दुपारचा डबा आईबापाजवळ बसून खायचा.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, यंत्राच्या टाकीतलं निळं औषध दोन बोटं उतरलेलं दिसलं. यंत्र गार राखायला ते औषध पाइपातून फिरत असतं. गोकुळ आडवा होऊन खाली बघू लागला. एका जोडातून थेंब गळत होते, आणि फरशीवरचं पाणी जायचं त्याच चरात. कोल्ड स्टोरेजमध्ये असताना एका कुत्र्यानं हेच चाटलेलं. गोड लागतं ते. तिसऱ्या दिवशी कुत्रं मेलं होतं.

तो सर्जेरावाकडं गेला. "साहेब, यंत्र बंद करावं लागंल. औषध गळतंय. इख हाय ते."

"किती गळतंय?"

"थेंब थेंब. पण जोड कधीबी सुटंल."

"बादली लाव खाली. उद्या दोन शाळांच्या सहली आहेत, लेकरांना काय उघडा डोंगर दाखवू? सोमवारी मिस्त्री येतोय."

गोकुळनं जोडाला रबराची पट्टी आवळली, बादली लावली आणि धावत खाली गेला. "आप्पा, आता वढ्यावर मेंढरं नेऊ नका. सोमवारपतूर."

"मंग पाजू काय?" आप्पांनी विचारलं.

टँकरवाल्याच्या हातापाया पडून त्यानं दोन छोटी पिंपं मिळवली. चाळीस मेंढरांना ती संध्याकाळपर्यंत पुरली.

शनिवारी भर दुपारी गोकुळ नळी घेऊन वर होता. खाली आला तर जोड सुटलेला, बादली भरून वाहिलेली, फरशी निळी. त्यानं खटका पाडला आणि कुंपण ओलांडून पळाला.

लांबूनच त्याला दिसलं. राजाबाई हात पसरून आडवी उभी होती, आप्पा काठी फिरवत ओरडत होते. सकाळपासून तहानलेली मेंढरं दोघांच्या मधून, पायांतून ओढ्याकडं घुसत होती. अर्ध्याहून जास्त कळप माना खाली घालून पीत होता. गोकुळ पाण्यात उतरला. लाथा घातल्या, पाय धरून ओढलं. एकाला बाहेर काढावं तर दुसरं शिरायचं.

गोकुळनं फोन केल्यावर जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीण तासाभरात आल्या. त्यांनी टाकीवरचं नाव वाचलं. "याच्यावरचा उतारा माझ्याकडं नाही. दारू पाजा, पाणी घालून. खरंच सांगते, दारू या विषाचा जोर थोपवते. पण आत्ता, लगेच."

गोकुळ मोटारसायकलवर जाऊन पिशव्या भरून बाटल्या घेऊन आला. आप्पा माळकरी. पंचवीस वर्षांत त्यांनी दारूच्या दुकानाची सावली घेतली नव्हती. त्यांनी पहिली बाटली फोडली, एका गाभण मेंढीचा जबडा बोटांनी उघडला आणि तोंड वासाकडून फिरवून धार सोडली. मग दुसरी. मग तिसरी. वरून लेकरांच्या किंचाळ्या येत होत्या. सर्जेरावानं दुसऱ्या माणसाकडून जोड आवळून, औषध भरून यंत्र पुन्हा चालू करवलं होतं. गोकुळचा फोन खिशात वाजत राहिला.

मेंढरं आधी झिंगल्यासारखी चालली. ते विषानं की दारूनं, कळायला मार्ग नव्हता. रविवारी काहींचं मुतणं बंद झालं. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, मान हलवून गेल्या. सोमवारपर्यंत सतरा गेली.

"शिव्या घाला ना मला आप्पा," गोकुळ म्हणाला. "मीच बोलावलं तुम्हाला."

आप्पा मेलेल्या मेंढीच्या अंगावरचे काटे उपटत होते. "तू सांगितलं व्हतंस. आमालाच राखता आली नायत." मग पुढचा काटा उपटत, "तहानलेलं जनावर कोणाच्या बापाला राखता येतंय?"

सोमवारी सकाळी मिस्त्री आला आणि त्यानं दहा मिनिटांत जोड बदलला. सर्जेराव गोकुळजवळ येऊन हळू म्हणाला, "खाली मेंढरं आहेत, हे बोलायचंस तरी." इख आहे असं गोकुळनं शुक्रवारीच सांगितलं होतं, आणखी काय म्हणायला हवं होतं?

त्याच दिवशी उरलेली तेवीस घेऊन आप्पा आणि राजाबाई गंगेकडं, गोदावरीच्या पाण्याकडं निघाली, पैठणच्या अंगानं. "मी येऊ का?" गोकुळनं विचारलं.

"तू काय करशील येऊन?" राजाबाई म्हणाली. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि कळपामागं चालू लागली.

गोकुळ त्यांना शहराच्या कडेच्या लष्करी छावणीपर्यंत पोचवून आला. बर्फावर खेळायला आलेली दुपारची माणसं फाटकाशी थांबलेली. त्यानं यंत्र लावलं आणि कोयता घेऊन ओढ्याकडं गेला. निळं पाणी अजून डबक्यांत साचलेलं होतं. जनावरं पाण्याला लागू नयेत म्हणून तो बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून डबक्यांभोवती रचू लागला. दिवस कलेपर्यंत त्यानं तीन डबकी काट्यांनी घेरली. ओढा पुढं लांबवर गेला होता, आणि पलीकडच्या माळावरून कोणाचा तरी दुसरा कळप उतरत होता. गोकुळ हात वर करून ओरडला. इतक्या लांब आवाज पोचत नव्हता.