चाळीस अक्षरं, पाच वाजेपर्यंत

सूचना. वैयक्तिक ईमेल-चाव्यांवर सही करण्याची सेवा आज सायंकाळी पाच वाजता कायमची बंद होत आहे. झालेल्या सह्या वर्षभर चालतील.

वलवणच्या केंद्राच्या दारावर ही सूचना तेजलनेच चिकटवली होती. सहा वर्षं तिचं काम एकच: ईमेलला कुलूप घालणारी चावी खरंच त्याच माणसाची आहे ना, हे पाहून तिच्यावर संगणकातून केंद्राची सही करायची.

साडेतीनला भुशीच्या आक्काबाई आल्या. पिशवीत मुलाचं, प्रदीपचं, आधार कार्ड आणि त्याच्या चावीची ओळख सांगणाऱ्या चाळीस अक्षरांचा कागद.

"कर सही."

"प्रदीप कुठाय, मावशी?"

"सोमाटण्याला, कंपनीत. दुपारपाळी हाय. त्याचं रेशन मी आणते, दाखले मी आणते. हितं काय येगळं?"

नियम. माणूस समोर हवा. अक्षरं त्याने स्वतः वाचायची.

"मी आई हाय त्याची! माझ्यापरीस जास्त वळखती व्हय तू त्याला?"

सही कशासाठी हवी, हे तेजलला ठाऊक होतं. कंपनीत यंत्रात बोटं गेलेल्या दोघा कामगारांचे जबाब प्रदीपने लिहून घेतले होते. ते ज्यांना पाठवायचे, ते पुण्याचे वकील सही नसलेल्या चावीची मेल उघडतच नसत; एकदा तोतयाकडून फसले होते. आज सही झाली नाही, तर जबाब प्रदीपच्या फोनमध्येच पडून राहणार.

तेजलने कागदावरची अक्षरं संगणकात भरली. चावी सापडली. नाव प्रदीपचंच. तिने बटणावर बोट ठेवलं.

उचललं.

"फोन लावा त्याला."

"फोन गेटवर काढून घेत्यात."

"मग चला. स्कूटीवर बसा."

"हायवेनं? आगं, मला मारती का काय!"

"पदर खोचा, मावशी."

(इथे एक तास जातो. कामशेतला डंपर आडवा. तेजलच्या पाठीला लॅपटॉप, लॅपटॉपला आक्काबाई.)

४.३५. चहाची सुट्टी. प्रदीप गेटच्या आत, या दोघी बाहेर, फोन रखवालदाराच्या कपाटात.

"पाळी सुटल्याशिवाय फोन मिळत नाही."

"पाच मिन्टं दे रं बाबा. तुला बी आई आसंल."

"आहे ना. तीच म्हणते, नोकरी सांभाळ."

तरी त्याने कपाट उघडलं.

४.४६. प्रदीप गजांआडून फोनवरची अक्षरं वाचू लागला. तेजल कागदावर बोट फिरवत होती. पहिल्याच अक्षराला बोट थांबलं. दुसरं जुळेना. तिसरंही नाही.

"प्रदीप, हा कागद कसला?"

"हा? आये, घरच्या कपाटातला आणलास व्हय? जुन्या मोबाइलवरच्या चावीचा हाय ह्यो. त्यो मोबाइल तर दिवाळीत इकला."

"कुणाला?"

"काय ठावं. बाजारात."

त्या चावीवर सही झाली असती, तर तो मोबाइल घेणाराच प्रदीप ठरला असता. तेजलने तिथेच स्कूटीच्या सीटवर लॅपटॉप उघडला, प्रदीपच्या फोनमधली नवी चावी घेतली.

"पहिल्यापासून वाच. सावकाश."

त्याने वाचली. चाळीसच्या चाळीस जुळली.

४.५७. सही.

प्रदीपने तिथल्या तिथे जबाब वकिलांना पाठवले, फोन परत दिला आणि धावत आत गेला. चहा राहिलाच.

"फुडल्या साली सही संपली की कुटं यायचं?" आक्काबाईंनी विचारलं.

"कुठेच नाही, मावशी. बंद झालं ते."

आक्काबाईंनी प्रदीप गेला त्या दाराकडे पाहिलं.

"जाऊ दे. जबाब तर पोचलं."